पाटीवरचा बर्फ

मुकुंदा,

यंदा हिरव्या टिकल्या कमी पडल्या. तुझ्या राज्यात असे कधी घडले नव्हते.

तू नोव्हेंबरात गेलास. फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागली तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे स्कॉटलंडच्या डोंगरात स्की करायला गेलो, प्रथमच तुझ्यावाचून. परत लंडनला, हॅरोला येऊन आज चौथा दिवस. बूट अजून गॅरेजमध्ये वाळत आहेत आणि बॅग उघडायची राहिली आहे. तुला सारे सांगून झाल्याखेरीज ती उघडायला माझा हात जात नाही. सांगण्यासारखे पुष्कळ आहे, बहुतेक हसण्याजोगे आहे, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती. ती लगेच सांगत नाही. माझी रीत तुला ठाऊक आहे. "पुणेकर, तू मुद्द्यावर येतपर्यंत माझं स्टेशन निघून जाते बे," असे तू फोनवर कितीदा म्हणाला असशील.

हे पत्र इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येणार आहे. तिथे तुला न ओळखणारेही ते वाचतील. त्यांच्यासाठी तुझ्या नऊ पायऱ्यांची हकीकत आधी सांगतो. तुला ती पुन्हा ऐकायला आवडेलच. स्वतःची स्तुती ऐकताना तू कधी घाईत नसायचास.

स्कीच्या डोंगरावर उतारांना रंग दिलेले असतात. हिरवा शिकणाऱ्यांचा, निळा ज्यांना वळता आणि थांबता येते त्यांचा, लाल कड्यासारख्या उतारांचा, आणि काळा ज्यांच्या घरच्यांनी आशा सोडली आहे त्यांचा. ही शेवटची व्याख्या तुझी. वरच्या फाट्यावर गोल पाट्या असतात, पाटीवर रंग असतो, आणि आपण कोणत्या रंगाचे ते आपले आपण ठरवायचे असते. कोणी परीक्षा घेत नाही, कोणी प्रमाणपत्र मागत नाही. तुझे म्हणणे असे की, आपल्या लोकांना नेमकी एवढी एकच गोष्ट येत नाही.

त्याला कारण घडले होते. अकरा वर्षांपूर्वी आपली चार मराठी कुटुंबे, दोन हॅरोची आणि दोन हाउन्सलोची, पहिल्यांदा त्या गावी पोहोचली. स्की भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या बाईंनी प्रत्येकाला एक कागद भरायला दिला. त्यात एक प्रश्न होता, आपली पातळी कोणती. पडताना पायातली स्की किती जोर बसल्यावर सुटावी, हे त्या उत्तरावरून ठरवतात. आपण आठ प्रौढ माणसे. बर्फावर उभे राहण्याचा एकूण अनुभव शून्य. आठही जणांनी 'इंटरमीजिएट'वर खूण केली.

"मुलाखतीची सवय आहे आपल्याले," तू त्या संध्याकाळी गेस्ट हाऊसमध्ये सगळ्यांसमोर म्हणालास. "कोणी विचारलं, हे येते का, की तोंडातून 'हो' निघते. मंग रात्रभर बसून शिकायचं. इंटरव्ह्यूले चालते बे ते. डोंगरावर रात्रभर वेळ कोण देईन?"

आणि मग, तूही 'इंटरमीजिएट'च लिहिले होतेस हे वहिनींनी सांगितल्यावर, तू चहा प्यायला स्वयंपाकघरात निघून गेलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू सर्वांच्या आधी खाली अंगणात जाऊन उभा राहिलास. गेस्ट हाऊसच्या दारापासून मिनीबसपर्यंत नऊ दगडी पायऱ्या आहेत. स्कीचे बूट म्हणजे पायाला घातलेली प्लास्टिकची बादली, घोटा वाकत नाही. त्या बुटांत त्या नऊ पायऱ्या प्रत्येकाला उतराव्या लागत. तू स्टीलच्या मगमधला चहा फुंकत ते पाहत राहिलास, आणि प्रत्येकाच्या हेल्मेटवर, कपाळाच्या जागी, शैलावहिनींच्या पाकिटातली एकेक रंगीत टिकली चिकटवलीस. जो बोलत-बोलत, आभाळाकडे पाहत उतरला त्याला हिरवी. जो कठडा धरून, पायरी पाहून उतरला त्याला निळी. लाल त्या वर्षी कोणालाच मिळाली नाही. लाल कोणाला, असे मी विचारले.

"जो उतरता-उतरता मागच्याले हात देते, त्याले," तू म्हणालास. "स्वतःले सांभाळून ज्याच्यापाशी दुसऱ्यासाठी लक्ष उरते, तो लाल."

काळ्या टिकल्या उरल्या. काळा उतार आपल्यापैकी कोणाचाच नव्हता. पण वस्तू वाया घालवणे तुझ्या स्वभावात नव्हते. तू त्या सर्वांच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला, कानाशी लावल्यास. तीट म्हणून. डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवरच्या दाढीवाल्या माणसाने तुला एकदा विचारले की, ही ठिपक्यांची भानगड काय आहे. तू अत्यंत गंभीरपणे म्हणालास, "हेल्थ अँड सेफ्टी." त्याने मान डोलावली, आणि अशी पद्धत सगळ्यांनीच ठेवायला हवी, असे मत दिले.

हीथ्रोच्या कार्गोमध्ये तू अर्धे आयुष्य खोकी पाहण्यात घालवलेस. खोक्यावर लिहिलेले वजन आणि खोक्याचे वजन यांतला फरक तुला हात न लावता कळत असे. माणसाचेही तुला कळायचे. मी मात्र तुझ्याशी अकरा वर्षे वाद घातला, कारण अकरा वर्षे तू मला निळीच टिकली लावलीस.

त्या वादाचा निकाल लागला नाही आणि आता लागणारही नाही. म्हणून तो इथे नोंदवून ठेवतो. ब्रॅकनेलच्या ऑफिसातून गाडीने परतताना मी तुला फोन लावायचो, आणि जानेवारी उजाडला की विषय तोच. मी म्हणायचो की, कुवतीबाहेर पाऊल टाकल्यावाचून कुवत वाढत नाही. सारी प्रगती अशीच होते. तू म्हणायचास, "वाढते बे. पण आधी आहे तेवढी वापरून तर संपव. तुझी निळ्यातलीच अर्धी शिल्लक आहे." मी म्हणायचो, हे भित्रेपणाचे तत्त्वज्ञान आहे. तू म्हणायचास, "नागपूरचा माणूस बर्फात आला हेच पुष्कळ धाडस झालं. त्याच्यावर अजून कायले चढवतो?" मला राग यायचा. तो राग लाल उताराविषयी नव्हता, हे आज लिहिताना दिसते. माझ्या हाताखालचे दोघे माझ्या डोक्यावरून वर गेले होते. वयाची पन्नाशी जवळ आली होती. आणि कोणीतरी दरवर्षी एका सकाळी, सर्वांसमोर, माझ्या कपाळावर माझी पातळी चिकटवत होते. ती पातळी अचूक होती, हे त्यातले सर्वांत बोचणारे.

आता ती गोष्ट.

सहा वर्षांपूर्वीची ती सहल. तिसरा दिवस, दुपारचे तीन. इतर सारे खालच्या कॅफेत बटाट्याचे गरमागरम चिप्स खात बसले होते. शेवटची एक फेरी म्हणून आपण दोघेच वरच्या लिफ्टने गेलो आणि धुके उतरले. स्कॉटलंडचे धुके तुला सांगायला नको. स्वतःच्या स्कीची टोके दिसत नाहीत. फाट्यावर मी वीसेक पावले पुढे होतो. दोन्ही पाट्यांवर वाऱ्याने बर्फ थापला होता, पिठल्यासारखा. तुझ्या गॉगलवर आतून वाफ धरली होती, आणि मागून तुझी हाक आली, "कोणता बे?"

उजवीकडच्या पाटीचा कडेचा एक तुकडा उघडा होता. नखाएवढा. तो लाल होता. मी तो पाहिला.

मी म्हणालो, "निळा."

एक शब्द. पुष्कळदा मी स्वतःला सांगून पाहिले आहे की धुक्यात रंग नीट दिसत नव्हता. दिसत होता. माझ्या खिशात त्या दिवशी एक लाल टिकली होती, वहिनींच्या पाकिटातून न विचारता घेतलेली. खाली पोहोचल्यावर ती हेल्मेटवर लावायची आणि तुला म्हणायचे, "मुकुंदा, आत्ता आपण लाल उतरून आलो. आता बोल." हे वाक्य मी लिफ्टमध्ये बसल्या-बसल्या जुळवले होते. धुके नंतर आले. धुके केवळ सोयीचे ठरले.

तू माझ्या शब्दावर विसंबून मागे आलास. मी पुढे गेलो, आणि मागे पाहिले नाही. पुढचे माझे उतरणे इतके भयंकर होते की त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. अर्धा उतार मी बसून उतरलो. पण उतरलो. खाली ते वाक्य तोंडात धरून उभा राहिलो. पाच मिनिटे, दहा मिनिटे. मग धुक्यातून डोंगरावरच्या गस्तीवाल्यांची स्लेज, बर्फावरची घसरगाडी, आली, आणि तिच्यात ब्लँकेट लपेटून, उजवा हात गळ्यात बांधून, डावा हात हलवत तू बसला होतास.

"पुणेकर!" तू ओरडलास. "बाजूले हो. स्वारी येऊन राहिली!"

मनगट मोडले होते. तिसऱ्या वळणावर पडलास, आणि मी तिथे नव्हतो. गस्तीवाला मला सौम्यपणे म्हणाला की, आजच्या हवेत या उतारावर यायला नको होते. तू लगेच म्हणालास, "धुक्यात चुकलो आम्ही." आणि माझ्याकडे पाहिलेस.

मी म्हणालो, "हो. धुकं फार होतं."

पहिले खोटे एका क्षणाचे होते. या दुसऱ्याला मला पूर्ण दहा मिनिटे विचार करायला मिळाली होती.

त्या गस्तीवाल्याने वाटेत तुला काय सांगितले, मला माहीत नाही. मला इतकेच माहीत आहे की पुढच्या वर्षापासून तू एक नवी सवय लावून घेतलीस. प्रत्येक फाट्यावर, हवा कितीही स्वच्छ असली तरी, तू सरकत पाटीपर्यंत जायचास, हातमोज्याने ती पुसायचास, आणि स्टेशनवरच्या उद्घोषणेसारखा खणखणीत आवाजात रंग वाचायचास. "नि-ळा! सर्व प्रवाशांनी डावीकडे वळावे!" सारे हसायचे. मी हसण्याचा अभिनय करायचो. पाच वर्षे, दर फेब्रुवारीत, मी एकच विचार करत राहिलो. तू हे स्वतःसाठी करतोस, सर्वांसाठी करतोस, की माझ्यासाठी? मला एकदा विचारता आले असते. ब्रॅकनेल ते हॅरो हा रस्ता त्यासाठी पुरेसा लांब आहे.

दुसरी गोष्ट पोळ्यांची. तुमच्या घरी पोळ्या तू लाटायचास. मनगटाचे प्लास्टर सुटल्यावर मी प्रथम जेवायला आलो तेव्हा ताटात आलेली पोळी लांबट होती, अंड्यासारखी. त्यानंतरची प्रत्येक. मनगट पुरते वळत नसणार, हे मी मनाशी ठरवले, आणि तुमच्याकडची प्रत्येक पोळी मी अपराध गिळावा तशी गिळली. "पुणेकराले आजकाल भूकच नसते," असे तू वहिनींना म्हणालास, तेही ऐकले.

यंदा जानेवारीत वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आपण जायचं. बुकिंग यांनी सप्टेंबरातच करून ठेवलंय. आणि पायऱ्यांखाली तुम्ही उभं राहायचं. टिकल्यांची पाकिटं मी काढून ठेवली आहेत."

मी नाही म्हणालो. माझ्या पात्रतेविषयी बरेच बोललो, खरे कारण सोडून. वहिनींनी ऐकून घेतले आणि पाकिटे तुमच्या लेकीच्या, गार्गीच्या हाती पाठवून दिली.

मग जाण्याचा दिवस उजाडला. मिनीबस मी चालवत होतो. स्कॉटलंडच्या सरहद्दीच्या अलीकडे मोटरवेवरच्या एका सर्व्हिसेसमध्ये, प्रवाशांच्या थांब्यावर, थांबलो. माझी बायको मीनल आणि बाकीचे आत गेले. वहिनी आणि मी पार्किंगमध्ये, थर्मासातला चहा घेऊन, बॉनेटला टेकून उभे होतो. ऊन पडले होते. मी माझे पैशांचे पाकीट काढले, त्यातली ती लाल टिकली काढली, सहा वर्षे जपलेली, मागचा डिंक वाळून गेलेली, आणि वहिनींच्या तळहातावर ठेवली. मग सारे सांगितले. पाटी, नखाएवढा तुकडा, तुझी हाक, माझा शब्द. धुके फार होते हे मी म्हणालो, तेही. पोळ्यांचेही सांगितले.

वहिनींनी सारे ऐकले. चहा संपवला. मग म्हणाल्या,

"पोळ्या ते पहिल्यापासून लांबटच लाटायचे."

"काय?"

"लग्न झाल्यापासून. सासूबाई म्हणायच्या, मुकुंदाची पोळी म्हणजे चप्पल. त्या मनगटाआधी तुम्ही आमच्याकडे किती वेळा जेवलात, भाऊजी? आणि एकदाही पोळीकडे बघितलं नाहीत?"

मी आठवून पाहिले. खरोखरच पाहिले नव्हते. तुझी पोळी माझ्या दृष्टीस पडायला मला आधी अपराधी व्हावे लागले होते.

"आणि दुसरं," वहिनी म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज हसरा नव्हता. "ते दोन महिने सगळं मी केलं. त्यांच्या शर्टाच्या गुंड्यासुद्धा. वर कामावरून आल्यावर पोळ्या. तेव्हा त्यांची माफी तुमची तुम्ही बघा, पण माझी वेगळी मागा."

मी मागितली. मोटरवेच्या कडेला, ट्रकांच्या आवाजात, हात जोडून. त्या म्हणाल्या, "बरं. या आठवड्यात रोज पोळ्या तुम्ही लाटायच्या." मी कबूल झालो. मग जे विचारायचे होते ते विचारले. "मुकुंदाला ठाऊक होतं का, मी पाटी बघून खोटं बोललो ते?"

"ते मला नाही ठाऊक," वहिनी म्हणाल्या. "मला त्यांनी धुकंच सांगितलं. तुम्ही विचारायचं होतंत."

एवढेच. मी सुटलो नाही आणि अडकलोही नाही. मुकुंदा, मला वाटते मी कुठेतरी आशा धरून होतो की वहिनी म्हणतील, अहो, त्यांना सगळे माहीत होते आणि त्यांनी केव्हाच माफ केले. तसे त्या सहज म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"आता तरी पटलं ना," मी म्हणालो, "की पायऱ्यांखाली मी उभं राहू नये?"

"उलट," वहिनी म्हणाल्या. "आपल्यात खोटं कसं सुरू होतं ते तुम्हाला आतून ठाऊक आहे. दुसरं कोणाला आहे?" आणि ती टिकली त्यांनी पर्समध्ये टाकली.

पहिल्या सकाळी मी उभा राहिलो. तुझा स्टीलचा मग वहिनींनी आठवणीने आणला होता. मी चहा फुंकला. माणसे एकेक करून नऊ पायऱ्या उतरली, आणि मी त्या प्रत्येकाच्या कपाळावर हिरवी टिकली लावली. सगळ्यांच्या. पंधरा वर्षांच्या मुलापासून मीनलपर्यंत, अकरा वर्षे निळ्यावर उतरणाऱ्या माणसांच्याही. पाकिटात शेवटची हिरवी उरली, तेव्हा ती मी दोघांसाठी अर्धी-अर्धी कापली. माझी धारणा होती की मी फार जबाबदारीने वागत आहे.

तुझी लेक शेवटी उतरली. गार्गी आता सत्तावीस वर्षांची आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तिचे मराठी तसेच मोडके आहे जसे तुला आवडायचे. अर्धी टिकली घेऊन मी तिच्याकडे वळलो तशी ती एक पाऊल मागे सरकली.

"काका, हा काय आहे?"

"आज हवा बरी नाही, बेटा. पहिला दिवस आहे."

"सनी आहे, काका. लिटरली सनी आहे." तिने सगळ्यांच्या हेल्मेटांकडे पाहिले. "बाबाने असा कधी नाही केला. मीनलकाकू ग्रीन? आई ग्रीन? हे केअरफुल नाही आहे. हे स्केअर्ड आहे. तुम्ही आमच्याकडे बघितलाच नाही."

मीनल मागून म्हणाली, "मी काही बोलले नाही, कारण घरी जाऊन मला राहायचंय. पण मुलीचं खरं आहे."

मी कोणाकडेही पाहिले नव्हते, हे खरे होते. निळ्याला हिरवे म्हणणे हेही खोटेच आहे, फक्त त्याच्यावर कोणी रागावत नाही. त्या दिवशी आम्ही सारे दिवसभर हिरव्या उतारावर, पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत, सभ्यपणे घसरलो. एका चिमुरडीने मला दोनदा मागे टाकले आणि तिसऱ्यांदा धीर दिला.

संध्याकाळी मी पोळ्या लाटल्या. त्या कोणत्याच आकाराच्या नव्हत्या. वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या निदान चपला तरी होत्या." टेबलावर इतका हशा पिकला की गेस्ट हाऊसच्या मालकीणबाई चौकशीला आल्या, आणि जाताना एक पोळी घेऊन गेल्या.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा उभा राहिलो आणि या वेळी पाहिले. पाहणे कठीण असते, मुकुंदा. तू ते चहा पिता-पिता करायचास, म्हणून आम्हाला सोपे वाटायचे. आमच्यातले एक गृहस्थ फोनवर बोलत उतरले. त्यांना हिरवी लावली आणि ते रागावले. मला रागावू द्यावे लागले. मीनल कठड्याला हात लावून, पण न धरता उतरली, निळी. मग दारात वहिनी आल्या आणि त्यांच्या पुढे गार्गी. दोन पायऱ्या उतरून गार्गी न थांबता किंचित वळली, आणि मागे न पाहताच हात मागे केला. वहिनींनी तो धरला. दोघी तशाच खाली आल्या.

वहिनींना निळी. मग मी लाल टिकल्यांचे पाकीट उघडायला लागलो, तोच वहिनींनी पर्समधून ती जुनी काढली. "हिला ही लावा."

"चिकटायची नाही," मी म्हणालो.

"माझ्याकडे टेप आहे," गार्गी म्हणाली. दुखऱ्या गुडघ्यांना लावतात ती तिची पट्टी. तिने दातांनी तुकडा तोडला. "पण ही इतकी जुना कुठून आली?"

"काकांनी जपून ठेवली होती," वहिनी म्हणाल्या. "आता योग्य जागी लावून टाका, भाऊजी."

मी लावली. पट्टी अंगठ्याने दाबून बसवली.

उरलो मी. परीक्षकाची परीक्षा तुझ्या वेळी कोणी घेत नसे. तू स्वतःला दरवर्षी निळी लावून मोकळा व्हायचास. मी तुझा स्टीलचा मग वहिनींच्या हाती दिला, वर गेलो आणि सर्वांसमोर नऊ पायऱ्या उतरलो. वहिनींनी घोटभर चहा घेतला. "मोजत उतरलात," त्या म्हणाल्या. "निळी."

बाराव्या वर्षी बारावी निळी टिकली. प्रथमच ती माझ्या मनाला लागली नाही. एका माणसाने अकरा वेळा मला नीट निरखून पाहिले होते आणि अकरा वेळा खरे सांगितले होते. इतके माझ्याकडे दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही, हे मला त्या अंगणात, प्लास्टिकच्या बादल्या पायांत घालून, कळले. तुझे आभार मानायला तिथे तू नव्हतास, तेवढीच काय ती उणीव.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुके उतरले. उतरणारच होते. वरच्या लिफ्टने आम्ही तिघे आलो होतो. मी पुढे, मागे मीनल आणि वहिनी. गार्गी तिच्या लाल उतारावरून केव्हाच खाली पोहोचली होती आणि फोन करून चिप्स सांगू का, असे विचारत होती. मी त्या फाट्यावर आलो. पाट्या दोन, दोन्ही पांढऱ्या. या वेळी नखाएवढाही तुकडा उघडा नव्हता.

मागून वहिनींची हाक आली, "भाऊजी, कोणता?"

मी उजवीकडच्या पाटीपर्यंत सरकलो. हातमोज्याने पुसून पाहिले, बर्फ हलेना. हातातल्या स्कीच्या दांडीच्या मुठीने खरवडला. एक पापुद्रा निघाला, मग दुसरा, मग अख्खा गोल उघडा पडला. उजवी-डावी मला पाठ होती, पुसायची काही गरज नव्हती, हे मला ठाऊक होते. तुलाही ती पाचही वर्षे ठाऊक असणार. मी तरी पुसत राहिलो, कडेपर्यंत, पाटी स्वच्छ होईतो.

"लाल!" मी ओरडलो. वहिनी होत्या वीस पावलांवर, पण माझा आवाज त्यांच्याही बराच पलीकडे गेला.

"मग आपला नाही," धुक्यातून वहिनी म्हणाल्या.

"आपला नाही. सर्व प्रवाशांनी डावीकडे वळावे!"

मीनल खुदकन हसली. वहिनींचे हसू थोड्या वेळाने आले. मग आम्ही डावीकडे वळलो. मी सर्वांत शेवटी, कोणी पडले तर दिसावे म्हणून. कोणी पडले नाही. खाली चिप्स गार झाले होते, आणि गार्गीने त्यातले निम्मे संपवले होते.

तू विचारले होतेस, "कोणता बे?"

लाल, मुकुंदा. लाल होता.